कै. कमलाबाई गोखले व आमच्या घरची तारामती

एकत्र कुटुंबात एखादा प्रश्न निघाला म्हणजे तो आधी स्वयंपाकघरात शिजतो, मग माजघरात निवतो आणि सर्वांच्या शेवटी ओटीवर वडील मंडळींच्या पानात पडतो, असा सर्वत्रचाच प्रघात आहे. आमच्या हमरापूरच्या घरी गेल्या वैशाखात असाच एक प्रश्न पानात पडला. माझ्या वडील बंधूंची नात बारावीची परीक्षा चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाली. सर्वांस आनंद झाला, पेढे वाटले गेले; आणि पेढ्यांचा गोडवा जिभेवर आहे तोच तिने आपला मनोदय प्रकट केला की, मला पुण्यास जाऊन विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात नाट्याचे शिक्षण घ्यावयाचे आहे व पुढे अभिनय हाच माझा व्यवसाय राहील.

मुलगी धीट आहे आणि विचारीही आहे. आपल्या पक्षास प्रमाण हवे म्हणून तिने एका वहीत कै. कमलाबाई गोखले व त्यांच्या मातोश्री दुर्गाबाई कामत यांची माहिती टिपून आणली होती. ती तिने ओटीवर सर्वांस वाचून दाखविली. भारतीय कथाचित्रपटात ज्या स्त्रियांनी प्रथम भूमिका केल्या, त्या आपल्यासारख्याच घरांतून आलेल्या होत्या, मग आता शंभर वर्षांनंतर माझ्याच वाटेत आडकाठी का, असा तिचा सरळ प्रश्न होता.

बंधूंनी सर्व शांतपणे ऐकून घेतले आणि एवढेच म्हटले, "बाळ, त्या बायांवर तशी वेळ आली होती. पोटासाठी माणूस काय करीत नाही? त्यांस कोणी नावे ठेवू नयेत. पण तुझ्यावर अशी कोणती वेळ आली आहे?"

यावर ओटीवर कोणी बोलले नाही. मीही बोललो नाही. आयुष्याची पस्तीस वर्षे मुलांच्या प्रश्नांस उत्तरे देण्यात घालविलेला मी शाळामास्तर, आणि त्या वेळी मला उत्तर सुचले नाही. अथवा खरे सांगावयाचे तर उत्तर होते, पण ते मी पन्नासांहून अधिक वर्षे मनात दडपून ठेवलेले होते. ते आज वाचकांपुढे ठेवीत आहे. परंतु त्याआधी नातीने आणलेली हकीकतच थोडी विस्ताराने सांगणे अवश्य आहे.

दादासाहेब फाळक्यांचे 'राजा हरिश्चंद्र' हे चित्र १९१३ सालच्या मे महिन्याच्या ३ तारखेस गिरगावातील कोरोनेशन चित्रपटगृहात लोकांस प्रथम दाखविण्यात आले, हे सर्वश्रुत आहे. त्या चित्रासाठी यंत्र मिळाले, फिल्म मिळाली, पैसा उभा राहिला. मिळाली नाही ती एकच गोष्ट, आणि ती म्हणजे तारामती. दादासाहेबांनी वृत्तपत्रांत जाहिराती दिल्या, ओळखीपाळखीने विचारपूस केली. कुलीन स्त्रियांची गोष्टच सोडा, ज्यांना समाजाने आधीच आपल्या कडेला लोटले होते, त्या नायकिणींनीसुद्धा पडद्यावर दिसण्यास नकार दिला. अखेर ग्रांट रोडवरील एका उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके यांस साडी नेसवून तारामती करण्यात आले. मिशा उतरविण्याचाही मोठा पेच पडला होता, असे सांगतात. कारण वडील हयात असता मिशी काढणे पुरुषांस अशुभ वाटे. सत्यवचनी राजाची पतिव्रता राणी उभी करण्यासाठी एवढे सगळे करावे लागले. याच साळुंक्यांनी पुढे १९१७ सालच्या 'लंकादहन' चित्रात राम आणि सीता या दोन्ही भूमिका एकट्यानेच केल्या!

या सर्व उद्योगात स्त्री कोठेच नव्हती काय? होती. दादासाहेबांच्या पत्नी सरस्वतीबाई यांनी आपले दागिने नवऱ्याच्या हाती ठेविले. साठसत्तर माणसांचा स्वयंपाक त्या रोज रांधीत, नटांचे कपडे धूत, उन्हात पांढऱ्या चादरी धरून उजेड पाडीत आणि रात्री दिव्याच्या अंधूक प्रकाशात फिल्मला भोके पाडण्याचे व ती धुण्याचे काम करीत. म्हणजे पडद्यामागे स्त्री पहिल्या दिवसापासून होती. तिचे श्रम चालत, तिचे अलंकार चालत. चालत नसे ते केवळ तिचे मुख. हे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावे, कारण पुढे माझ्या घरची जी कथा सांगावयाची आहे, तिचेही मर्म हेच आहे.

हरिश्चंद्रानंतर दादासाहेबांनी आपले बिऱ्हाड नाशकास हलविले आणि १९१३ साली 'मोहिनी भस्मासुर' हे दुसरे चित्र केले. या वेळी मात्र त्यांस खऱ्याखुऱ्या स्त्रिया लाभल्या. पार्वतीची भूमिका दुर्गाबाई कामतांनी केली आणि मोहिनीची त्यांच्या कन्येने, कमलेने. कमलेचे वय त्या वेळी अवघे तेरा वर्षांचे होते.

दुर्गाबाई या सुशिक्षित घराण्यातील. पतीपासून त्या विभक्त झाल्या, तेव्हा कमला अगदी लहान होती. त्या काळी अशा स्त्रीस स्वतःच्या हिमतीवर जगण्याचे मार्ग किती होते? परक्या घरची धुणीभांडी हा एक, आणि दुसरा उच्चारण्याजोगा नव्हे. दुर्गाबाईंनी तिसरा मार्ग निवडला. त्या मुलीस कडेवर घेऊन फिरत्या नाटकमंडळीत शिरल्या. ज्ञातीने त्यांस दूर केले. मुलगी चारपाच वर्षांची असल्यापासून रंगभूमीवर उभी राहू लागली. ज्या वयात आपल्या मुली सागरगोटे खेळतात, त्या वयात कमला गावोगावचे मुक्काम, रात्रीचे जागरण आणि सकाळची तालीम यांत वाढली.

येथे एक मौज आहे, ती संस्कृताच्या विद्यार्थ्यास विशेष जाणवते. भस्मासुराची कथा सर्वांस ठाऊक आहे. ज्याच्या मस्तकी हात ठेवीन तो भस्म व्हावा, असा वर मिळवून असुर प्रत्यक्ष शंकराच्याच मागे लागला, तेव्हा विष्णूने मोहिनीचे रूप घेतले, नृत्य करता करता असुरास त्याचाच हात त्याच्या डोक्यावर ठेवावयास लावले आणि संकट निवारिले. म्हणजे मोहिनी ही मुळात स्त्री नव्हेच. ती स्त्रीरूप घेतलेला पुरुष! जी तारामती खरी स्त्री, तिचे काम पुरुषाने केले. आणि जी मोहिनी स्त्रीवेषातील पुरुष, तिचे काम करण्यास पहिली खरी स्त्री पुढे आली. दैवाचा हा विनोद भल्याभल्या नाटककारास सुचावयाचा नाही. दुर्दैव असे की, हे चित्र आज उपलब्ध नाही. पहिल्या स्त्रीचे पडद्यावरील पहिले दर्शन आपणांस कधीच घडावयाचे नाही.

कोणी म्हणेल की, ही आपल्याच समाजाची खोड. पश्चिमेकडे असे नसावे. तेही पूर्ण सत्य नव्हे. इंग्लंडात शेक्सपिअरच्या नायिका त्याच्या हयातीत कोवळे मुलगेच करीत. स्त्रिया तेथील रंगभूमीवर उघडपणे आल्या त्या १६६० सालानंतर. मात्र चित्रपटाचा जन्म झाला तेव्हा पश्चिमेत हा वाद मिटून दोन शतके लोटली होती. कमलाबाईंचा जन्म १९०० सालचा. त्याच साली पॅरिसमध्ये सारा बर्नहार्ट या विख्यात नटीने हॅम्लेटची भूमिका करून त्यातील द्वंद्वयुद्धाचा प्रसंग चलच्चित्रात उतरविला. तेथे स्त्री पुरुषाचे काम करीत होती, आणि लोक ते कौतुकाने पाहत होते. १९१० साली अमेरिकेत फ्लॉरेन्स लॉरेन्स या नटीचे नाव जाहिरातीत ठळकपणे छापले जाऊ लागले. त्यानंतर तीनच वर्षांनी आपल्याकडे एका आईस आपल्या तेरा वर्षांच्या मुलीसह कॅमेऱ्यापुढे उभे राहताना ज्ञाती, नाते आणि प्रतिष्ठा या तिन्हींवर पाणी सोडावे लागले.

आता आपल्या शास्त्राकडे वळू. पुष्कळांची समजूत अशी की, स्त्रीने नाट्यात उतरणे आपल्या प्राचीनांस संमत नव्हते. ही समजूत अर्धवट आहे. भरताच्या नाट्यशास्त्राच्या पहिल्याच अध्यायात अशी कथा आहे की, भरतमुनींनी आपल्या शंभर पुत्रांकरवी नाट्याचा प्रयोग सिद्ध केला. भारती, सात्वती व आरभटी या वृत्ती त्यांस साधल्या. परंतु ब्रह्मदेवाने कैशिकी वृत्तीचीही योजना करण्यास सांगितले, तेव्हा मुनींनी स्पष्ट निवेदन केले की, ललित वेष व शृंगाररस यांनी युक्त अशी ही वृत्ती स्त्रीजनांवाचून केवळ पुरुषांकडून साधणारी नाही. ब्रह्मदेवाने त्यावर काय करावे? मुलांस लुगडी नेसवा, असे त्याने सांगितले नाही. त्याने आपल्या मनातून अप्सरा निर्माण केल्या आणि त्या नाट्यासाठी भरताच्या स्वाधीन केल्या.

निंदाही जुनीच आहे, हे मी लपवीत नाही. पतंजलींनी महाभाष्यात व्यंजनांस नटांच्या स्त्रियांची उपमा दिली आहे. व्यंजन जसे ज्या स्वराचे कार्य असेल त्याच्याशी जुळते, तशा रंगावर आलेल्या नटस्त्रिया जो जो विचारील त्याला त्याला 'मी तुझीच' म्हणतात, असा तो उपहास आहे. विद्यार्थ्यांस व्याकरण शिकविताना मी स्वतः हा दृष्टांत कित्येकदा हसत हसत सांगितला आहे. आज तो आठवला की ओशाळल्यासारखे होते. पण या उपहासातूनही एक गोष्ट सिद्ध होते की, दोन हजार वर्षांपूर्वी आपल्या रंगावर स्त्रिया होत्या. त्या मागाहून नाहीशा झाल्या. म्हणजे कला आम्ही ठेविली, स्त्रीची निंदाही ठेविली, आणि मधल्या मधे स्त्री मात्र घालवून बसलो.

कमलाबाईंचे पुढील आयुष्य सुखाचे नव्हते, पण ते कर्तृत्वाचे खास होते. किर्लोस्कर नाटक मंडळीतून आलेले नट रघुनाथराव गोखले यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि दोघे एकाच रंगभूमीवर वावरू लागली. परंतु रघुनाथराव तरुणपणीच निवर्तले. कमलाबाईंचे वय तेव्हा पंचविशीच्या घरात होते आणि पदरी लहान मुले. त्या काळची आपल्या घरांतील पद्धत वाचकांस सांगावयास नको. तशा स्थितीतील स्त्रीने माजघराच्या कोपऱ्यात बसावे, अशीच अपेक्षा. कमलाबाई रंगभूमीवर उभ्या राहिल्या. स्त्रियांच्या भूमिका तर केल्याच, पण प्रसंगी पुरुषांच्याही केल्या. मुलांस त्यांनी वाढविले, आणि केवळ वाढविले नाही, तर कलेच्याच वाटेस लावले. चंद्रकांत गोखले हे मराठी रंगभूमी व चित्रपट यांतील नामांकित नट झाले. लालजी व सूर्यकांत हे तबलावादनात नावारूपास आले. नातू विक्रम गोखले यांचा अभिनय तर आपण सर्वांनी पाहिला आहे. ते २०२२ साली वारले. कमलाबाईंनी स्वतः तीसपस्तीस चित्रपटांत कामे केली. १९८० सालच्या 'गहराई' या हिंदी चित्रपटापर्यंत ती पडद्यावरील वाटचाल चालू होती, म्हणजे पहिल्या चित्रानंतर सदुसष्ट वर्षे. रीना मोहन यांनी त्यांच्या वार्धक्यात त्यांजवर 'कमलाबाई' नावाचा माहितीपट केला, म्हणून त्यांचा आवाज व मुद्रा पुढील पिढ्यांसाठी राहिली. शंभरीच्या उंबरठ्यावर येऊन त्या गेल्या.

आमचे हमरापूर गणेशमूर्तींसाठी प्रसिद्ध आहे. येथे घरोघरी कारखाने आहेत आणि त्यांत स्त्रियांचे हात सतत चालू असतात. मूर्ती लांब लांब जातात, त्यांची पूजा होते, विसर्जन होते. पण ती कोणाच्या हातची, हे कोणी विचारीत नाही. कमलाबाईंचे असेच झाले. फाळक्यांचे नाव शाळेतल्या मुलासही ठाऊक आहे. त्यांच्या पडद्यावर पहिल्याने उभी राहिलेली ती तेरा वर्षांची मुलगी कोण, हे मीच माझ्या विद्यार्थ्यांस कधी सांगितले नाही, कारण मला स्वतःलाच ते नातीने सांगेपर्यंत ठाऊक नव्हते.

असो. हरिश्चंद्राची तारामती पुरुषाने केली, ती गोष्ट १९१३ सालची. एकोणीस वर्षांनी, १९३२ साली, कोल्हापुरात प्रभात कंपनीने 'अयोध्येचा राजा' हा मराठी बोलपट काढला. कथा तीच. या वेळी तारामती झाल्या दुर्गा खोटे. लाडांच्या प्रतिष्ठित घराण्यातील कन्या, सेंट झेविअर कॉलेजात शिकलेली, चांगल्या घरी दिलेली. सासरची सांपत्तिक स्थिती ढासळल्यामुळे त्या या व्यवसायात आल्या. १९३१ साली त्यांनी प्रथम एका चित्रात लहानसे काम केले, तेव्हा चोहोंकडून टीका झाली. पण शांतारामबापूंनी त्यांस तारामतीची भूमिका दिली आणि लोकांनी ती राणी डोक्यावर घेतली. पुढल्याच वर्षी 'आंधळ्यांची शाळा' या नाटकात ज्योत्स्ना भोळे प्रभृती स्त्रिया रंगभूमीवर आल्या. पन्नास वर्षांनंतर, १९८३ साली, दुर्गाबाई खोट्यांस दादासाहेब फाळके यांच्याच नावाचा पुरस्कार मिळाला. ज्या फाळक्यांस तारामती मिळाली नव्हती, त्यांच्या नावाचा पुरस्कार एका तारामतीस मिळावा, यात काही न्याय झाला असे वाटते.

परंतु माझ्या बंधूंचा मुद्दा अजून उभाच आहे, हे वाचकांच्या ध्यानात आले असेल. दुर्गाबाई कामत गरजेने आल्या. कमलाबाई गरजेने राहिल्या. दुर्गाबाई खोटेही अडचणीत सापडल्या म्हणून आल्या. म्हणजे विपत्ती हाच स्त्रीचा परवाना ठरतो. तिच्यावर आकाश कोसळले तर आम्ही तिला क्षमा करतो. तिच्यापाशी गुण आहे, एवढ्याने करीत नाही. आता मला जी गोष्ट सांगावयाची आहे, ती अशा एका स्त्रीची आहे, जिला गरज नव्हती, फक्त गुण होता.

माझी आत्या, जिला आम्ही सर्व माईआत्या म्हणत असू, ती गिरगावात दिलेली होती. दोनअडीच वर्षांचा संसार झाला आणि विसाव्या वर्षाच्या आत वैधव्य घेऊन ती माहेरी परत आली. त्या अल्पशा संसारात नवऱ्याने तिला एकदाच चित्रपट दाखविला. 'अयोध्येचा राजा' पुन्हा कोठे लागला होता, तो. त्या एका पाहण्यावर तिने तारामती मनात साठवून ठेविली. उभी कशी राहिली, वळली कशी, शब्द कोठे तोडला, कोठे गिळला. घरात खाण्यापिण्याची ददात नव्हती. आजोबांचा धाक होता, पण मायाही होती. माईआत्यास काही कमी नव्हते, असे सगळे म्हणत.

१९७१ साली माघातील उत्सवात गावच्या मंडळींनी हरिश्चंद्राचे नाटक बसविले. मुंबईस तोवर रंगभूमी स्त्रियांनी गजबजलेली होती, पण आमच्या गावी घरच्या लेकीसुनांनी तोंडास रंग लावणे अशक्यच होते. मी बारा वर्षांचा, गोरा, अंगाने बारीक. तारामतीचे काम माझ्याकडे आले. शिकविले ते माईआत्याने. दुपारी आजोबा पडले म्हणजे ती मला मागील पडवीत नेई, स्वतः जाते ओढता ओढता एकेक वाक्य म्हणून दाखवी आणि मला तसे म्हणावयास लावी. मी पदर सावरला की ती म्हणे, "पदर सावरू नकोस. मूल मेले आहे, पदराचे भान कसले?" अभिनयाविषयी याहून मोलाचा धडा मी नंतर कोठे वाचला नाही.

प्रयोगाच्या रात्री देवळाच्या पटांगणात गॅसबत्त्या लागल्या. पुढे आजोबा व गावची वडील मंडळी, डाव्या बाजूस बायका. स्मशानाचा प्रवेश आला. रोहिदासाचे शव मांडीवर, समोर डोंबाचा दास झालेला हरिश्चंद्र कर मागतो आहे. आणि मी वाक्य विसरलो. विंगेतून काही ऐकू येईना. हरिश्चंद्राने दोनदा कर मागितला. पटांगणात कुजबूज सुरू झाली. इतक्यात बायकांच्या बाजूने माझे वाक्य आले. ते पुटपुटलेले नव्हते. ते आईचे आक्रंदन होते, पूर्ण आवाजात, जसे व्हावयास पाहिजे तसे. क्षणभर सारे पटांगण स्तब्ध झाले. माझ्या अंगावर काटा आला आणि त्या आवाजाच्या मागोमाग माझे पुढले सगळे शब्द आपोआप बाहेर पडले. लोकांच्या डोळ्यांस पाणी आले. नाटक संपल्यावर मला नारळ आणि पाच रुपयांचे बक्षीस मिळाले. "मास्तरांच्या पोराने तारामती उभी केली," असे गाव म्हणू लागले. माझे वडीलही शिक्षकच होते.

घरी आल्यावर आजोबा रागावले नाहीत, आवाजही चढविला नाही. ओटीवर उभे राहून एवढेच म्हणाले, "माई, उद्यापासून उत्सवाचा नैवेद्य तू घरूनच पाठवीत जा. देवळात जाण्याचे कारण नाही." माईआत्या "बरं" म्हणाली आणि आत गेली. त्यानंतर आजोबा वारले, काळ बदलला, बंदी आपोआप सैल झाली. पण ती उत्सवास पुन्हा कधी गेली नाही. जाते ओढताना ती ओव्या म्हणे, पण तारामतीचे वाक्य पुन्हा तिच्या तोंडून आले नाही. तिला जाऊन आता पुष्कळ वर्षे झाली.

माझे पाप असे की, ते पाच रुपये मी ठेवून घेतले. बारा वर्षांच्या पोरास आजोबांपुढे बोलण्याची छाती नव्हती, हे खरे. पण मी पुढे पंचवीस वर्षांचा झालो, चाळीस वर्षांचा झालो. स्नेहसंमेलनात मुलांची नाटके बसविताना "लहानपणी मीही तारामती केली होती" असे मोठ्या ऐटीने सांगत आलो. ती माझी नव्हती, हे मात्र एकदाही सांगितले नाही. माईआत्या ऐकत असे तेव्हाही नाही.

तेव्हा बंधूंच्या प्रश्नास माझे उत्तर हे: या मुलीवर कोणतीही वेळ आलेली नाही, हे खरे आहे, आणि म्हणूनच तिला जाऊ द्यावे. भरतमुनींनी स्त्रिया मागितल्या, त्या स्त्रियांस अन्न नव्हते म्हणून नव्हे. त्यांच्यावाचून कला अपुरी राहत होती म्हणून. गरज असेल तरच स्त्रीने उंबरठा ओलांडावा, हा नियम आपण दयेचा समजतो. पण त्या नियमाने माईआत्यास काय दिले? तिला विपत्तीही होती, गुणही होता. परंतु दोन वेळचे जेवण मिळत होते, म्हणून तिची वाट बंद झाली. जिच्या घरी चूल पेटते, तिच्या गुणाची राख व्हावी, हा न्याय मला समजत नाही.

हे सर्व मी कागदावर उतरविले आणि मासिकाकडे धाडण्यापूर्वी ओटीवर बंधूंस वाचून दाखविले. घरची गोष्ट चव्हाट्यावर नेण्यापूर्वी वडील माणसाची संमती घ्यावी, एवढी रीत अजून आमच्यात आहे. ते डोळे मिटून ऐकत होते. वाचन संपल्यावर बराच वेळ ते अडकित्त्याने सुपारी कातरीत राहिले. मग म्हणाले, "त्या रात्री विंगेत पुस्तक घेऊन कोण बसले होते, हे तू लिहिलेच नाहीस."

मला खरोखरच आठवत नव्हते.

"मी बसलो होतो," ते म्हणाले. "सोळा वर्षांचा होतो. पान सापडेना मला. बत्ती डोळ्यांवर येत होती. माई ओरडली ती माझी चूक झाकण्यासाठी." एवढे बोलून ते पुन्हा सुपारी कातरू लागले.

संध्याकाळी दिवेलागणीस नात शुभंकरोती म्हणून नमस्कारास आली, तेव्हा बंधूंनी तिला विचारले, "पुण्यास राहण्याची सोय काय?"